मेंढ्यांच्या उंचीवर

विमान डोंगरातल्या कझारमान गावी सुखरूप उतरलं, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आता हे विसरा. सहवैमानिक तिंचतिकसुद्धा ते खरं धरत नाही. त्याच्या हिशेबी विमान अजून ढगातच आहे आणि डोंगर जवळ येतोय.

आईबापांनी नाव ठेवलं तिंचतिक, म्हणजे शांतता, आणि पोरगा नावाला जागला. शेजारच्या खुर्चीत कॅप्टन सातिबाल्दी, त्याचे सख्खे मामा. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे खोकायचं असलं तरी तो आधी मामांकडे बघायचा.

ढगातून उतरताना धोक्याचा इशारा देणारी यंत्रातली बाई बोलली, पुढे जमीन आहे, जमीन. मग आवाज चढवून म्हणाली, वर घे. ‘घ्या’ नाही, ‘घे’. तिला लहानमोठं काही कळत नाही.

“इथे आलं की हिला दर वेळी उगाच कंठ फुटतो,” मामा म्हणाले. “गप्प कर तिला.”

प्रशिक्षणात शिकवलं होतं, अशा वेळी खात्री करत बसायचं नाही. इंजिनाची ताकद पूर्ण, नाक वर. कॅप्टन करत नसेल तर ओरडून सांगायचं. तिंचतिक तिथे छान ओरडला होता, पण तिथे शेजारी परका माणूस होता. इथे त्याने बटण दाबलं. बाई गप्प झाली. मग तो मनात वाक्य जुळवू लागला: मामा, तुमची हरकत नसेल तर... ‘हरकत’ जरा उद्धट वाटलं. त्याने ‘सवड’ घालून पाहिलं.

तेवढ्यात ढग फाटला.

“तिंचतिक,” मामा म्हणाले, “या मेंढ्या आपल्या वर कशा रे?”

खरंच वर होत्या. एक तर चरणं थांबवून खाली, त्यांच्याकडे बघत होती. मामांनी ताकद पूर्ण दिली, नाक वर ओढलं, आणि मेंढ्या हळूहळू जिथे असायला हव्यात तिथे, खाली गेल्या.

दुसऱ्या प्रयत्नात विमान उतरलं. रिवाजाप्रमाणे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी जरा जास्तच, कारण मधला झोका त्यांना वैमानिकांचं कसब वाटला होता. शिडीपाशी एका आजीने तिंचतिकच्या कपाळाचा मुका घेतला आणि सुकवलेल्या दह्याचे मूठभर गोळे त्याच्या खिशात कोंबले. मागून तिच्या दोन नाती उतरत होत्या. त्यांच्याकडे त्याला बघवेना.

मामांनी त्याला बाजूला घेतलं. “त्या वेळी तू काही बोललास का?”

“नाही, मामा.”

“मग झालं तर. गुणी पोर आहेस.”

शिवी दिली असती तर त्याला झोप तरी लागली असती.

शेवटी त्याने वरच्या कचेरीत अर्ज धाडला. मामांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ‘बटण अर्जदाराने दाबले. तोंड अर्जदाराने उघडले नाही. सबब विनंती की, सदर विमानातील सर्व प्रवाशांना शोधून काढावे आणि अर्जदाराकडे चुकून जमा झालेल्या टाळ्या ज्याच्या त्याच्या हातांना रीतसर परत कराव्यात.’