हात लागला नव्हता

माझं तावेर्न वाडेंगाळच्या मैदानाला लागूनच आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. सामना असला की गाव आधी माझ्याकडे घसा ओला करून जातं आणि संपला की परत येतं. जिंकलं तर खुशीत, हरलं तर चिडून. धंदा दोन्हीकडून होतो, म्हणून मी देवाकडे कधी गोल मागितला नाही. यंदाच्या फायनलला मात्र मीही दुकान उघडं टाकून बांधावर जाऊन उभी राहिले. बचावाच्या फळीत माझा भाचा खेळत होता. जोविटो. माझ्या थोरल्या भावाचा, रोझारचा, एकुलता एक मुलगा.

समोर सांतेमळ. नदीपलीकडचं गाव. त्यांच्याशी आमचं वैर कशावरून सुरू झालं हे आता कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मुली तिकडे दिल्यात, त्यांच्या इकडे आल्यात, चर्चच्या फेस्ताला एकमेकांच्या घरी सोरपोतेल चापतात आणि मैदानावर एकमेकांच्या आया काढतात. आमचं गाव याआधी फायनलला पोचलं होतं ते रोझारच्या जवानीत. तेव्हाही हरलंच होतं.

गोल कुणाचाच झाला नव्हता. सामना संपत आला होता. सांतेमळला कॉर्नर मिळाला, चेंडू उंच आला, गोलासमोर दोन्हीकडची पोरं एकदम उडाली आणि चेंडू कुणाला तरी लागून बाहेर गेला. रेफ्री होते एव्हारिस्टो सर. लांबच्या तालुक्यातले शाळामास्तर, आमच्या दोन्ही गावांशी काही घेणंदेणं नसलेला माणूस. मुद्दाम तसाच आणला होता. त्यांनी शिट्टी फुंकली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं. जोविटोचा हात लागला म्हणून.

जोविटो गुडघ्यावर बसला. दोन्ही हात आभाळाकडे केले, छातीवर क्रुसाची खूण करून खुरीस काढला, मान जोरजोरात हलवली. नाही, नाही, नाही. ते अख्ख्या मैदानानं पाहिलं.

सांतेमळनं गोल मारला. लगेच शेवटची शिट्टी झाली, आणि बांधावरची माणसं मैदानात उतरली. मी फक्त पाठी बघितल्या. सर चिऱ्याच्या पायऱ्यांवरून स्टेजकडे पळायला गेले, वर पोचलेही, आणि मग कुणीतरी त्यांची कॉलर धरून मागे ओढली. पडल्याचा आवाज मी ऐकला. सुकं लाकूड मोडावं तसा. मांडीच्या वरचं हाड मोडलं होतं. त्यांना माझ्याच दुकानात आणून बाकावर निजवलं. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांच्या ओठांना पाणी लावत होते. ते ओरडत नव्हते. दात आवळून एवढंच म्हणत होते, ‘‘चष्मा कुठाय माझा? चष्मा बघा कुणीतरी.’’

चष्मा सापडला नाही.

पोलीस आले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं. सर पळताना घसरले. कॉलर कुणी धरली हे कुणीच पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं, आणि देवाची शपथ, ते खरं आहे. पण त्या संध्याकाळी माझा भाऊ गल्ल्याशी उभा राहून उर्राक पीत होता, तेव्हा त्याचा उजवा हात सारखा खिशातच होता. ग्लास त्यानं डाव्या हातात धरला होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कोर्ट भरू लागलं.

‘‘चेंडू खांद्याला लागला. खांद्याला!’’ रोझार स्वतःच्या खांद्यावर थाप मारून दाखवायचा. ‘‘खांदा म्हणजे हात होतो काय रे? मग उद्या मानेला पण हात म्हणा.’’

‘‘रेफ्रीनं सांतेमळात दुपारी जेवण केलं म्हणे,’’ कुणीतरी म्हणायचं.

‘‘जेवण? डुकराचं मांस भरपेट, वर फेणी. माझ्या साडूनं पाहिलं.’’

‘‘तुझा साडू दुबईत आहे ना?’’

‘‘फोनवर सांगितलं त्याला कुणीतरी!’’

कुणाच्या तरी फोनवर त्या क्षणाचं चित्रण होतं. ते तर रोज चालायचं. चेंडू येतो, पोरं उडतात, आणि नेमका जोविटोचा हात सांतेमळच्या एका धिप्पाड पोराच्या पाठीआड जातो. दिसते ती फक्त पाठ. पण आमची माणसं त्या पाठीतून आरपार बघायची. ‘‘बघ, बघ, आता... थांबव! बघितलंस? कुठाय हात?’’ आणि सगळे माना डोलवायचे. नदीपलीकडेही हेच चित्रण हिंडत होतं, आणि तिथल्यांना त्याच पाठीतून हात लागलेला लख्ख दिसत होता.

या सगळ्यात एकच माणूस गप्प असायचा. मिंगेल. रोझारचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एकाच संघात खेळले, एकाच बोटीवर खलाशी होते, एकाच वर्षी परत आले. रोज संध्याकाळी दोघं एका टेबलाशी बसत, आणि चर्चची संध्याकाळची घंटा झाली की दोघं एकदम उठून टोप्या काढत. फायनलला मिंगेल गोलाच्या अगदी मागे, जाळीला नाक लावून उभा होता.

शेवटी रोझारनंच त्याला छेडलं. ‘‘तू बोल ना रे. तू तर जवळ होतास. सांग यांना, खांदा की हात?’’

मिंगेलनं ग्लास खाली ठेवला. ‘‘सोड ना, रोझार. झालं ते झालं.’’

‘‘सोड काय? सांग!’’

‘‘हात,’’ मिंगेल म्हणाला. ‘‘हात लागला. इथं, मनगटाच्या वर. मी तुझ्या पोराच्या तोंडाकडे पण बघत होतो. त्याला कळलं होतं.’’

मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘बायको सांतेमळची आहे ना त्याची. रात्री झोपायचं कुठं, हा पण विचार माणसाला करावा लागतो.’’ सगळे हसले. मिंगेलही थोडा हसला, कारण असली थट्टा तो आयुष्यभर ऐकत आला होता. रोझार हसला नाही.

‘‘ऊठ,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या टेबलावरून ऊठ.’’

‘‘रोझार, वेडा झालास काय?’’

‘‘ऊठ म्हणतो ना!’’

मिंगेलनं माझ्याकडे बघितलं. दुकान माझं होतं, टेबल माझं होतं. मी म्हणाले, ‘‘बस रे, मिंगेल. इथं कोण उठेल ते मी ठरवते.’’ पण तो उठला. टोपी घातली आणि गेला. त्यानंतर माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली. नारळ पाडायला त्याच्याकडे गडी जाईना. फेस्ताच्या तयारीला त्याला कुणी बोलावलं नाही. एका सकाळी त्याच्या फाटकावर कुणीतरी चुन्यानं ‘सांतेमळकर’ असं लिहून ठेवलेलं होतं.

मला सुरुवातीला कळत नव्हतं, एका चेंडूपायी ही माणसं एवढी का पेटलीत. मग एकदा ग्लास विसळताना कळलं. हात लागला नसेल, तर गावावर अन्याय झाला होता आणि रागाच्या भरात थोडं इकडंतिकडं झालं. पण हात लागला असेल, तर आम्ही एका सरळ माणसाला त्याचं काम चोख केलं म्हणून लंगडं केलं होतं. म्हणून हात लागलेला नसायलाच हवा होता. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं, पण बोलताना प्रत्येक जण आधी रोझारकडे बघून घ्यायचा.

आणि जोविटो? तो त्या दिवसापासून सरावाला गेलाच नव्हता. माझी वहिनी लोर्डीन सांगायची, पोरगं जेवत नाही, चादर तोंडावर घेऊन पडून असतं.

एका शनिवारी गावच्या संघाच्या समितीची माणसं माझ्याकडे जमली. एव्हारिस्टो सरांना जन्मभर शिट्टी हातात धरू द्यायची नाही, अशी मागणी करायचं घाटत होतं, आणि जोविटोनं स्पर्धेच्या मंडळापुढं उभं राहून सांगावं असं ठरलं होतं. रोझारनंच त्याला बोलावणं धाडलं. पोरगा आला तो दाढी वाढलेला, डोळे सुजलेले.

‘‘ये, बाबा, ये,’’ रोझारनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. ‘‘हाच तो खांदा! सांग यांना.’’

‘‘पापा, हात लागला होता.’’

कुणीतरी खुर्ची सरकवली.

‘‘माझ्या हाताला लागला चेंडू,’’ जोविटो परत म्हणाला, या खेपेला सगळ्यांकडे बघून. ‘‘मनगटाच्या वर. मला तेव्हाच कळलं. मी खोटा खुरीस काढला. तियु मिंगेल खरं बोलला. सर बरोबर होते.’’

मला वाटलं, आता संपलं. आता हे लोक खाली बघतील, एकेक करून उठतील, कुणीतरी म्हणेल, चला, मिंगेलकडे जाऊ. माझ्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याचे ओठ हलले, आणि तो चक्क हसला.

‘‘पोरगं घाबरलंय,’’ तो म्हणाला. ‘‘मंडळापुढं जायला घाबरतंय.’’

‘‘घाबरलो नाही, पापा. मी खरं...’’

‘‘तुला काय कळतंय?’’ रोझार ओरडला. ‘‘तू चेंडूकडे बघत होतास! आम्ही तुझ्याकडे बघत होतो. आम्ही सगळे! एवढ्या माणसांनी बघितलं ते खोटं आणि तुझं एकट्याचं खरं?’’

आणि तुम्हाला सांगते, माना डोलल्या. एक म्हणाला, उडी मारताना माणसाला काय लागतं ते कुठं कळतं. दुसरा म्हणाला, सांतेमळवाल्यांनी त्याला त्यांच्या संघात घ्यायचं कबूल केलंय, म्हणून ही भाषा. हे बोलणारा माणूस जोविटोला लहानपणी कडेवर घेऊन फिरला होता. जोविटो वेड्यासारखा बापाकडे बघत राहिला. ‘‘पापा, हात माझा आहे,’’ तो म्हणाला. रोझारनं त्याच्या थोबाडीत मारली. उजव्या हातानं.

मी गल्ल्याबाहेर आले आणि समितीला म्हणाले, ‘‘चालते व्हा. सगळे.’’ भावालाही म्हणाले. ते गेले; दुसऱ्या तावेर्नात जाऊन बसले असतील.

जोविटो म्हणाला, ‘‘तिया, मला सरांकडे जायचंय. येशील?’’

रविवारी चर्चमधला मास झाल्यावर आम्ही बसनं गेलो. बरोबर मिंगेलही आला. सरांचं घर लहान, दारात अबोलीच्या कुंड्या. ते आतल्या खाटेवर पडून होते, पायाला वजन लावलेलं, डोळ्यांवर नवा चष्मा. बायकोनं आम्हाला ओळखलं नाही. ओळखलं असतं तर आत घेतलं नसतं. सरांनी मात्र जोविटोला बघताच ओळखलं.

‘‘लागला होता?’’ त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, बस नाही, काही नाही.

‘‘हो, सर.’’

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, ‘‘मला खात्री नव्हती. लाइनमननं झेंडा दाखवला, मला तसं वाटलं, मी शिट्टी दिली. इथं पडल्या पडल्या रोज तेच बघतोय मी. कधी वाटतं लागला, कधी वाटतं मी एका पोराचं वाटोळं केलं. एखाद्या दिवशी तर म्हटलं, हाड मोडलं ते बरंच झालं, माझं चुकलंच होतं.’’

जोविटो रडायला लागला. ‘‘मला माफ करा, सर.’’

‘‘नुसता हात लागला असता तर माफीचं काय?’’ सर म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. ‘‘चेंडू कुणाच्याही हाताला लागतो. पण तू गुडघ्यावर बसून देवाला साक्षीला बोलावलंस. मी लोकांकडे बघत होतो. तोवर ते नुसते ओरडत होते. तुझा तो खुरीस बघितला, आणि शेवटच्या शिट्टीला ते आत आले.’’

मिंगेल खिडकीतून बाहेर बघत होता.

‘‘मला माफी नको,’’ सर म्हणाले. ‘‘तुझ्या गावात जाऊन सांग. तेवढं कर.’’

‘‘सांगितलं, सर.’’

‘‘मग?’’

जोविटोनं माझ्याकडे बघितलं. सांगावं लागलं मलाच. ‘‘कोणी ऐकत नाही, सर.’’

सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आम्ही आणलेले आंबे त्यांच्या बायकोनं तसेच परत पिशवीत घालून दिले.

पावसाळ्याआधीच जोविटो बोटीवर लागला. आता कुठल्यातरी मोठ्या प्रवासी जहाजावर खालच्या स्वयंपाकघरात कांदे सोलतो. आईला फोन करतो, मला करतो. बापाला नाही. चेंडूला त्यानं नंतर पाय लावला नाही. एव्हारिस्टो सर काठी घेऊन शाळेत जातात असं ऐकते. शिट्टी त्यांनी सोडली. मंडळानं बंदी घालायची वेळच आली नाही, पण आमच्या गावानं तो आपला विजय मानला आणि फटाके लावले. मिंगेल संध्याकाळी आपल्याच ओसरीवर एकटा बसतो. मी कधीमधी बाटली घेऊन जाते.

रोझार परत माझ्याकडे यायला लागला. भाऊच तो, किती दिवस अडवणार? गेल्या आठवड्यात मडगावाहून मोटारसायकलचा कोणी विक्रेता आला होता, तरुण, बोलका. रोझारनं त्याला शेजारी बसवून सगळी गोष्ट सांगितली. कॉर्नर, उडी, खांदा, शिट्टी, सांतेमळातलं जेवण.

‘‘आणि मुलगा आता कुठं खेळतो?’’ त्या माणसानं विचारलं.

माझ्या भावाचे डोळे भरून आले. खरोखरचे भरून आले, मी बघत होते. ‘‘खेळ सोडला त्यानं,’’ तो म्हणाला. ‘‘मनाला लावून घेतलं. गाव सोडून गेला. त्या एका रेफ्रीनं माझ्या पोराच्या आयुष्याची माती केली.’’

‘‘अरेरे,’’ तो माणूस म्हणाला.

मी रोझारच्या हातासमोरून त्याचा ग्लास उचलला आणि मोरीवर नेऊन ओतला. अजून अर्धा भरलेला होता.