होलमुरोद उस्तांच्या यकृतातले राहिलेले उत्तर

एका पत्राला मी उत्तर दिले नाही. त्याला तीन वर्षे झाली, तरी ते आठवले की मला कोपऱ्यात जाऊन तोंड लपवावेसे वाटते.

मित्रांनो, मी एक जुना ग्राही आहे, म्हणजे निरोप झेलणारे एक प्रथिन. कोकंद शहरातले आचारी होलमुरोद उस्ता यांच्या यकृतातल्या एका पेशीत, तिच्या केंद्रकात माझे बिऱ्हाड आहे. ‘जुना’ म्हणताना संकोच वाटतो, कारण आमच्यातल्या एकेकाचे आयुष्य काही तासांचे. मागचा विरघळतो आणि पुढचा त्याच जागी बसतो. पण काम तेच आणि चुकाही त्याच, म्हणून ‘मी’ म्हणतो. चुकत असल्यास सांभाळून घ्या.

केंद्रकात एक मोठा ग्रंथ आहे. पेशीने काय काय बनवायचे, ते त्यात लिहिलेले आहे. साठलेली चरबी कशी जाळावी, याची काही पाने माझ्याकडे आहेत. उस्तांचे पोट रिकामे असले की साठवणीतली चरबी सुटी होते आणि तिचा एक कण माझ्या अंगावरच्या खिशात येऊन बसतो. तेच माझे पत्र. मग मी पान उघडायचे आणि त्याची नक्कल केंद्रकाबाहेर धाडायची. बाहेरचे कामगार ती वाचून चरबी जाळायला घेतात. ती नक्कल म्हणजे माझे उत्तर.

मात्र एकट्याने पान उघडत नाही, जोडीदार लागतो. आणि तोच जोडीदार माझ्या शेजाऱ्यालाही लागतो. शेजारी कोलेस्टेरॉल सांभाळतो. ते जास्त झाले की त्यालाही पत्र येते आणि तो ते पित्तावाटे बाहेर काढायला लावतो. मोठा कर्तबगार आहे. खोड एकच, जाता जाता नवी चरबी बनवण्याचाही हुकूम सोडतो. मी त्याला काही म्हणत नाही. मी कोण म्हणणार?

उस्ता तरुण होते तेव्हा तांदळाचे पोते खांद्यावर टाकून लग्नघरी पायी जात. रमजानचे रोजे मनापासून धरत. मला पत्रे येत आणि माझी उत्तरे जात. उस्तांचा कमरपट्टा सैल असे. बाहेरचे बोलणे मला बरगड्यांतून थरथरत ऐकू येते. लोक म्हणत, “हे सगळं गरम हिरव्या चहामुळं. चहा चरबी वितळवतो.” मी ऐकून घेत असे. कदाचित त्यांचेच खरे असेल, असेही वाटे.

पुढे उस्तांचे नाव झाले. लग्नघरची माणसे गाडी पाठवू लागली आणि एका दिवसात ओशच्या, म्हणजे मांस घातलेल्या भाताच्या, दोन-दोन कढया चढू लागल्या. अशाच एका धांदलीत ते पत्र आले. जोडीदार शेजाऱ्याकडे गुंतला होता. त्याला हाक मारावी की मारू नये, याचा मी विचार करत राहिलो, तोवर पत्र खिशातून निसटले. पुढची पत्रेही तशीच गेली. पेशीत चरबीचा एक थेंब फुगत फुगत एवढा झाला की आमचे केंद्रक ग्रंथासकट भिंतीला जाऊन चिकटले.

या वसंतात डॉक्टर मुनिरा यांनी उस्तांचे पोट दाबून पाहिले.

“उस्ता, ओश किती खाता?”

“महिनाभर भाताचं शीत तोंडात नाही, पोरी. शपथेवर सांगतो.”

“मग एवढी चरबी आली कुठून?”

“जिझ्झा कोण खातं, ते विचार त्यांना,” सानोबार, उस्तांची बायको, म्हणाली.

“ते काय खाणं आहे? ती तपासणी. मेंढीच्या शेपटीची चरबी कढईत टाकली की तिचा कुरकुरीत तुकडा मीठ लावून आचाऱ्यानं आधी चाखायचा. माझे वडील चाखायचे.”

“एका कढईला किती तपासण्या?”

उस्ता छताकडे बघू लागले.

“सात-आठ,” सानोबार म्हणाली. “परवा मिशीला मीठ घेऊन घरी आले.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “असंच चाललं तर यकृत कडक होईल. मग मलाही काही करता येणार नाही.”

“ऐकलंत?” सानोबार म्हणाली. “दुर्दोनाच्या लग्नात एक तुकडा जरी तोंडात गेला, तर झारा बोटिरच्या हातात देईन.”

बोटिर हा पलीकडच्या मोहल्ल्यातला आचारी. त्याच्या भाताचा गिचका होतो, असे उस्ता पन्नास जणांना सांगून चुकले होते. आणि दुर्दोना ही त्यांची एकुलती एक नात. माझ्यावरच्या बरगड्या ताठ झाल्या.

लग्नाच्या पहाटे उस्ता कढईपाशी उभे राहिले. शेजारी बोटिर बाह्या सारून हजर होता. उस्तांना तो अका, म्हणजे दादा, म्हणत असे.

“अका, दमला असाल तर बसा. मी आहे ना.”

“तू आहेस म्हणूनच उभा आहे.”

चरबी तडतडली. उस्तांनी सोनेरी तुकडा झाऱ्याने उचलला, तळव्यावर घेतला आणि वर मीठ भुरभुरले. पन्नास वर्षांची सवय असलेला हात आपोआप वर निघाला. आत केंद्रकात माझ्या शेजाऱ्याने जोडीदाराकडे बघून घेतले. मी नेहमीसारखा गप्प बसलो.

मिशीपाशी हात थांबला.

“बोटिर, तोंड उघड.”

वडीलधाऱ्याच्या हातचा घास नाकारायची आमच्याकडे सोय नाही. बोटिरने तोंड उघडले.

“मीठ?”

“बरोबर आहे, अका.”

“चरबी?”

“तापलीय,” बोटिर चावत चावत म्हणाला.

“मग सरक बाजूला. कांदा टाकू दे.”

काल संध्याकाळपासून उस्तांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हते. थोड्याच वेळात माझ्या खिशात काहीतरी येऊन बसले. मी चाचपून पाहिले, पत्रच होते. जोडीदार रिकामा होता. या वेळी मी त्याला हाक मारली, जरा हळूच, पण मारली.

मित्रांनो, तुमच्याही यकृतात माझ्यासारखे भिडस्त बसलेले आहेत. ते ओरडत नाहीत, दुखतही नाहीत, म्हणून त्यांची आठवण होत नाही. अधूनमधून पोट जरा रिकामे राहू द्या, पायी चाला, आणि चाखणे हेही खाणेच असते, एवढे ध्यानात ठेवा. सांगण्याचा मला अधिकार आहे की नाही, कोण जाणे.

आम्ही दोघांनी मिळून पान उघडले. चूक राहू नये म्हणून मी नक्कल दोनदा वाचली. बाहेर कढईत कांदा पडल्याचा चर्र आवाज आला, आणि मी ती केंद्रकाच्या दारातून बाहेर धाडली.