कुळाचा नंबर आणि माझा नंबर

मित्रांनो, घड्याळाची डबी, तबकडी, काटे हे नुसते कपडे. आत टिकटिकणारे जुने यंत्र म्हणजे मी. माझ्या अंगावर दोन नंबर कोरलेले आहेत. छोटा नंबर कुळाचा. तो माझ्या हजारो भावंडांवरही आहे. लांबलचक आकडा मात्र फक्त माझा.

मुरूडचा हमदुल्ला बोटीवर खलाशी होता. त्याने मला एडनच्या बंदरात घेतले. सुट्टीवर आला की तो डबीची पाठ उघडे आणि लांब आकडा बायकोकडून वाचून घेई. फिरोजा अंक शिकली ती माझ्यावरच. १९५३ साली हमदुल्ला तापाने गेला. मी तिच्यापाशी राहिले.

पुढे तिने मला तेलपाण्यासाठी अलिबागच्या येसाजी घड्याळजीकडे दिले. त्याने मला डबीतून उपसले. माझ्या जागी माझ्याच कुळातले, पण झिजलेले आणि चाकांखाली कमी माणिक-खडे असलेले हलके भावंड बसवले. मला चांदीच्या डबीत घालून तो छातीवर मिरवू लागला. लोक वाहवा करीत. मी आतल्या आत जळत होते.

घड्याळ दुपारीच बंद पडते म्हणून फिरोजा परत आली. येसाजीने पाठ उघडून छोटा नंबर दाखवला.

"हाच नंबर ना, भाभी? मग?"

तिने खालचा लांब आकडा पाहिला; तो माझा नव्हता. मग त्याच्या छातीवरची नवी साखळी पाहिली. "व्हय, हाच," म्हणून ती निघून गेली. तिथेच ओरडली असती तर त्याने मला लपवले असते.

बाजाराच्या दिवशी दुकान गच्च भरले तेव्हा ती आली.

"येसाजीभाऊ, तुमचं घड्याळ उघडा. आतला नंबर मी न बघता सांगते."

"चेष्टा करता का, भाभी?"

"उघडा की हो!" गिऱ्हाइके गमतीने म्हणाली.

डबी उघडली. फिरोजाने भिंतीकडे तोंड केले. "सात, शून्य, चार, चार, नऊ, दोन, सहा."

एका गिऱ्हाइकाने आकडा ताडून पाहिला. तो तंतोतंत जुळला.

"भाभी, आत चला, आपसात मिटवू," येसाजी पुटपुटला.

"न्हाय. हितंच. सगळ्यांदेखत ते यंत्र माझ्या ह्या डबीत बसवा."

त्याने मला बसवले, चावी दिली. त्याचे डोळे मला विनवत होते. मी मुद्दाम टिकटिकले नाही. एकेकाने आपापले घड्याळ परत मागितले. मग फिरोजाने मला उचलून हलकेच हलवले, आणि मी चालू झाले. पावसाळ्याआधीच त्या दुकानाला कुलूप लागले.

मित्रांनो, माझ्यात माणके आहेत, दया नाही. तुमची वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तिची खूण पाठ करा. आमच्यातली कितीतरी यंत्रे अजून परक्या डबीत जळत आहेत.