लोखंडी खुर्चीचा वैताग

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी वैतागले आहे. कौतुकाने वैतागलेली खुर्ची तुम्ही पाहिली नसेल. आता पाहून घ्या.

माझा जन्म एका वर्कशॉपमधला. तिथल्या वेल्डरकाकांनी मला सुंदर दिसावे म्हणून काहीच केले नाही. बैठकीला भोके पाडली ती वारा लागावा म्हणून. पाय फाकवले ते मी कलंडू नये म्हणून. बैठकीखाली आट्यांचा जाड दांडा बसवला. बैठक गरगर फिरवली की मी उंच किंवा बुटकी.

पुढे शिलाईच्या कारखान्यात दोन पाळ्यांत मला दोघी वापरायच्या, नणंद आणि भावजय. नणंद ताडमाड, भावजय ठेंगणी.

"वन्सं, जाताना खुर्ची खाली करून जात जा ना. रोज झाडावर चढल्यासारखं होतं."

"आणि तू वर करून जातेस का? माझे गुडघे हनुवटीला लागतात."

त्यांची कुरकुर कधी संपली नाही, पण दोघींपैकी एकीचीही पाठ दुखली नाही. मला त्याचा अभिमान होता.

कारखाना बंद पडला आणि एका फर्निचरवाल्याने मला दुकानात आणले. "काय डिझाइन आहे," म्हणत त्याने मला डोक्यावर घेतले. पण माझा रंग शाबूत होता, तोच त्याला खुपला. "जुनी आहे तर जुनी दिसायला नको?" म्हणून पठ्ठ्याने रंग खरवडला आणि मिठाचे पाणी शिंपडून गंज चढवला. ते पाणी आट्यांत उतरले आणि बैठक पार उंचावर असतानाच जाम झाली. त्याला पत्ताच नाही. शिवाय माझ्यापुढे पाटी लावली, 'कृपया बसू नये'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा त्याची आई दुकान बघायला आली. जिना चढून दमली होती. माझ्यावर कशीबशी टेकली, तर पाय लोंबकळू लागले.

"अरे, ही जरा खाली कर ना. घसरेन मी."

त्याने तिला उतरवले आणि दोन्ही हातांनी बैठक फिरवून पाहिली. मीही जीव एकवटला. केसभरही हलली नाही.

"आई, ही बसायची नाही गं. शोभेची आहे."

"मग मी बसू कुठे?"

त्याने दुकानभर नजर फिरवली. सगळीकडे त्याच पाट्या. माउली भिंतीला टेकून उभी राहिली. ज्या कामासाठी मला घडवले, ते माझ्यासमोर उभे होते आणि मला करता आले नाही. याची फार चीड येते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नावाजा, त्यांचे फोटो काढा, हरकत नाही. पण आधी त्यांच्या आट्यांत थेंबभर तेल घाला आणि दमलेल्या माणसाला बसू द्या. तेवढे जमत नसेल, तर निदान आम्हाला खुर्ची तरी म्हणू नका.