चिंचेने घासलेला जपानी डबा

आमच्या वरच्या मजल्यावर मोरिता नावाचे जपानी गृहस्थ राहतात. माझ्या मुलाच्या, कुशलच्या ऑफिसातले. त्यांच्या आजोबांनी घडवलेला तांब्याचा एक डबा त्यांनी माझ्या नातीला, गार्गीला, शाळेत दाखवायला दिला होता. डबा केवढा? तीन लाडू मावतील एवढा. झाकणावर चांदीचे दोन बगळे, बाकी सगळा काळाकुट्ट.

शुक्रवारी ते डबा न्यायला येणार होते. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, आणि काळा तर मुळीच नाही. नाशिकला आमची काकू शेजारणीची वाटी परत करायची ती तोंड दिसेल इतकी घासून. मी चिंच भिजवली, मीठ घेतलं. अर्ध्या तासात डबा कसा नव्यासारखा लखलखला! लाडू भरले.

सून मालविका स्वयंपाकघरात आली आणि ओरडलीच.

"अहो आई, तो काळा रंग मुद्दाम चढवतात! तीच तर त्यांची कारागिरी!"

"मुद्दाम काळं करतात? आणि मग घासायचं कोणी?"

"आजी, यू आर सो डेड," गार्गी म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली.

मोरितांनी डबा पाहिला. झाकणावरून बोट फिरवलं. "मैंने किया," मी म्हटलं.

त्यांनी जपानला काकांना व्हिडिओ कॉल लावला. आजोबांचा कारखाना आता हे काकाच चालवतात. डबा बघून म्हातारा तीन मिनिटं बोलत होता.

"ही सेज, इट हॅपन्स," मोरिता म्हणाले.

तीन मिनिटांत एवढंच? मी सासुरवास काढलाय. बोलणी कुठल्याही भाषेत कळतात.

मग मोरिता इंग्रजीत सांगत गेले आणि मालविकाने मला एकेक मराठीत सांगितलं. डबा जपानला कारखान्यात पाठवला तर रंग पुन्हा चढवता येतो. आधी मुळ्याचा कीस लावतात, मग औषधी पाण्यात उकळतात. पण आजोबांनी नेमकी छटा कोणती धरली होती, ते आता कोण सांगणार?

"डबा आतून घासलात का, काका विचारतायत."

"छे! मीठ लाडवांना नसतं का लागलं?"

मोरितांनी लाडू ताटलीत काढले. आत आजोबांचा रंग जसाच्या तसा होता, पिकल्या जांभळासारखा. पडद्यावरचा म्हातारा पहिल्यांदा हसला. मग आणखी काहीतरी बोलला, तसे मोरिता लाजले.

"सांगा की," मी म्हटलं, तेव्हा त्यांनी ते मालविकाला हळूच इंग्रजीत सांगितलं.

"डबा जपानला पोचेपर्यंत," मालविका हसू दाबत म्हणाली, "या बाईंना त्याच्याजवळ एकटं सोडू नका म्हणे."

मोरितांनी डबा बॅगेत घातला, चेन लावली, आणि बॅग मांडीवर घेऊनच चहा प्यायले.