पूजेतला दोर

जालन्याच्या मोटार स्टँडावर मार्तंडाइतकी पक्की गाठ मारणारा दुसरा हमाल नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं. सामान कुणाचंही असो, मोटारीच्या टपावर चढवता चढवता तो मालकालाच चार शब्द सुनवायचा. पोत्यांना अन् ट्रंकांना त्याच्या लेखी काही किंमत नव्हती. "पोतं काय, गाढव बी वाहतंय," म्हणायचा. त्याचा खरा जीव सायकलींवर. निजामाची सत्ता जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मास्तर, तलाठी, दुकानदार, जो तो सायकल घेऊन खेड्यापाड्याला निघाला होता. आणि सायकल म्हणजे धड सामानही नाही अन् धड जनावरही नाही. चाक फिरतं, हँडल वळतं, पायडल शेजारच्याच्या वळकटीत घुसतं.

पॅसेंजर नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकल चढवायची ती सगळ्यात शेवटी, पोत्यांच्या वर आणि उलटी. सीट-हँडल खाली, चाकं आभाळाकडे. जिपेला ती मागं स्टेपनीजवळ टांगायची आणि पुढचं चाक वळवून फ्रेमला आवळून टाकायचं, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला नाचतं. साहेबलोकांच्या छोट्या मोटारीला मागं ट्रंक ठेवायला लोखंडी जाळी असते. तिच्यावर सायकल आडवी उभी करायची. पण दोन्ही चाकं मोटारीच्या बाहेर डोकावतात, म्हणून तिथली गाठ सगळ्यात अवघड. दोर कसाही फिरवा, तो फ्रेमच्या त्रिकोणातून गेलाच पाहिजे. आणि बांधायला दोरच पाहिजे, अंबाडीचा. "कापड ताणतं, दोर ताणत न्हाई," एवढं ज्ञान सांगून झालं की मार्तंड बिडी पेटवायचा.

असा माणूस खांडेनवमीच्या दिवशी मात्र दोराला हात लावायचा नाही. त्या दिवशी स्टँडावर सगळ्यांची हत्यारं पूजेला बसत. लिंबाच्या झाडाखाली घोंगडी अंथरायची, तिच्यावर नट आवळायचे पाने, जॅक, हातोडे, हवेचा पंप, आणि मधोमध मार्तंडाचा दोर वेटोळं करून. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. ड्रायव्हर महेमूद दरसाल आपलं मोटार सुरू करायचं हँडल स्वतः आणून द्यायचा आणि "माझ्याला फूल जरा जास्त घाल रे" म्हणून हसायचा. एकदा मांडलं की दसरा उजाडेपर्यंत त्यातली एकही वस्तू उचलायची नाही, असा रिवाज.

रिवाज सगळेच पाळत; मार्तंड भीत होता. तीन वर्षांपूर्वी नवमीलाच बद्रीनाथ नावाच्या क्लीनरने पूजेतला जॅक उचलला होता. चाक पंक्चर झालं होतं, पॅसेंजर बोंबलत होते. जॅक सटकला आणि मोटार त्याच्या छातीवर बसली. त्याला खालून ओढून काढणाऱ्यांत मार्तंड होता. महेमूद तेव्हापासून सांगत आला होता, की जॅक ओल्या मातीवर लावला होता, खाली फळी घेतली नव्हती, बस, इतकीच बात. मार्तंडाला ते पटायचंही. पण बद्रीनाथाच्या तोंडातून आलेलं रक्त त्याने आपल्या हाताने पुसलं होतं, आणि ते काही पटण्या न पटण्याने पुसलं जाणारं नव्हतं.

त्या साली पूजा नुकतीच आटोपली होती. प्रसादाचं खोबरं वाटणं चाललं होतं, तेवढ्यात मंठ्याच्या रस्त्याने एक सायकल वेडीवाकडी येताना दिसली. स्वार चिखलाने माखलेला. जवळ आल्यावर मार्तंडाने ओळखलं. त्याचा जावई, कारभारी.

"मामा," कारभारी सायकलीवरून उतरला नाही, पडलाच. "गोजर बाळंत झाली पहाटं. पोरगी हाये. पन वार पडंना. अंगावरून जाऊन राह्यलंय सारखं. सुईण म्हनली, डॉक्टर आन, न्हाईतर हाती लागत न्हाई."

गोजर त्याची एकुलती एक लेक. बायको लवकर गेली. टपावरच्या पोत्यांच्या सावलीत निजवून त्याने ती पोर वाढवली होती. हातातलं खोबरं टाकून तो तसाच मस्तगडाकडे धावला.

तिथे दीनानाथ डॉक्टर राहत. वयस्क, अंगाने जड, गुडघे धरलेले. पण माणूस भला. त्यांनी एक शब्द न विचारता पिशवी उचलली आणि आपली छोटी मोटार काढली. स्टँडावर येईपर्यंत त्यांनी सगळी चौकशी केली होती. गाव सात-आठ कोसांवर. मुरमाची सडक होती, पण तिथून आत दीड कोस काळी जमीन, आणि नवरात्रात पाऊस लागून राहिलेला.

"आत मोटार जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि एवढं मला चालवत नाही. तू आलास कसा?"

"बांधाच्या कडंनं पायवाट हाये. सायकल बराबर जाती," कारभारी म्हणाला. "तुमाला मागं बसवून मी नेतो, साहेब. जल्दी नेतो."

"मग सायकल घ्या मागे. ती नसेल तर मोटार नेऊन उपयोग नाही."

सायकल आत मावण्यासारखी नव्हती. डॉक्टरांच्या मोटारीत माणसंच अंग चोरून बसत. मार्तंडाने सायकल उचलली, मागच्या जाळीवर आडवी उभी केली, चाक वळवलं, आणि सवयीने हात कमरेला गेला. कमरेला दोर नव्हता. दोर लिंबाखाली झेंडूची फुलं लेऊन बसला होता.

महेमूदला ते लगेच कळलं. "उचल," तो म्हणाला.

"न्हाई."

"अरे, पोरीच्या जिवाचा सवाल हाये. उचल म्हन्तो ना. तुला भ्या वाटत असंल तर मी उचलतो. मला तुझी देवी काय करनार न्हाई."

"तुला न्हाई करायची," मार्तंड म्हणाला. "तिला करंल."

महेमूदने आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या हमालांचे दोरही पूजेतच होते आणि दुकानं उघडी नव्हती. सगळ्यांचे तराजू पूजेला बसले होते. "मंग थांब दोन मिनिटं," महेमूद म्हणाला, "घरून बायकोकडनं विहिरीचा दोर आनतो," आणि तो पळाला. पण महेमूदचं घर काही पुढ्यात नव्हतं. कारभारी रडकुंडीला आला होता, डॉक्टरांनी दोनदा हॉर्न वाजवला. मार्तंडाने डोक्याचा पटका सोडला. दसऱ्यासाठी धुऊन आणलेला, लांबलचक. त्रिकोणातून घातला, जाळीतून काढला, परत घातला, पाय लावून ओढला आणि गाठ मारली. गाठ त्याच्याच हातची होती, तिच्यात काही खोट नव्हती. खोट कापडात होती आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

"दोरी नाही का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पक्कं हाये, साहेब. चला."

मार्तंड मागे बसला, काचेतून सायकलीकडे तोंड करून. मोटार नाक्यापर्यंत आली असेल, तोच मागून हाका ऐकू आल्या. महेमूद पळत येत होता, अनवाणी, छाती फुटेस्तोवर. हातात वेटोळं होतं. मार्तंडाला आधी वाटलं, विहिरीचा दोर मिळाला. मग त्याने नीट पाहिलं. वेटोळ्यावर कुंकू होतं. एक झेंडूचं फूल अजून अडकून होतं आणि पळताना खालीवर होत होतं.

"कुणी हाका मारतंय का आपल्याला?" डॉक्टरांनी वेग कमी करत विचारलं.

मार्तंडाच्या डोळ्यांपुढे बद्रीनाथ उभा राहिला. मोटारीखाली, डोळे उघडे. हा दोर आज मोटारीला लागला तर गोजर गेलीच, असं त्याला इतकं स्वच्छ वाटलं, की त्यावर विचार करायला जागाच उरली नाही.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "कुनी न्हाई. थांबू नका."

डॉक्टरांनी वेग वाढवला. महेमूद रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दोर हातात धरून, आणि मग दिसेनासा झाला.

सडक म्हणजे नुसते खड्डे. मार्तंड काचेला नाक लावून पटक्याकडे पाहत होता. कोसभर गेल्यावर हँडल चार बोटं खाली आलेलं दिसलं. त्याने मोटार थांबवली, उतरून पुन्हा आवळलं. आणखी थोडं गेल्यावर पुन्हा. कापडाला पाणी लागलं होतं, ते रबरासारखं लांबत होतं. तिसऱ्यांदा थांबा म्हणाला तेव्हा कारभारीने मागे वळून पाहिलं.

"मामा, किती येळ थांबायचं? तिकडं रगत जाऊन राह्यलंय."

मार्तंडाने पुन्हा थांबायला सांगितलं नाही. पुढच्या डबक्यातून मोटार गेली आणि मागच्या काचेवर गढूळ पाण्याचा सपकारा बसला. आता त्याला काहीच दिसत नव्हतं. तो मनातल्या मनात देवीला म्हणत राहिला, मी तुझं राखलं, तू माझं राख. असा सौदा माणूस किती वेळा करतो, आणि देवाने त्याला हो म्हटल्याचं कुणी कधी ऐकलेलं नसतं.

गाव जवळ आलं तशी एक मोरी लागली. मोटार आदळली. मागे काहीतरी धाडकन वाजलं आणि मग लोखंड खरवडत आल्याचा आवाज. डॉक्टरांनी मोटार उभी केली.

पटका सुटला नव्हता. गाठ जागच्या जागी होती. कापड ढिलं पडून सायकल खाली घसरली होती आणि पुढचं चाक मोरीच्या दगडावर आदळून त्याचा पार आठ झाला होता. चाक धरणारा चिमटा वाकलेला, आरे बाहेर आलेले. कारभारीने सायकल सोडवली, उभी केली, ढकलून पाहिली. चाक फिरेना. त्याने ती रस्त्याच्या कडेला टाकून दिली आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"मी गावात पळतो, गाडीबैल आनतो," एवढं म्हणून तो निघाला.

फाट्यावर मोटार सोडून डॉक्टर चालू लागले. मार्तंडाने त्यांची पिशवी घेतली, एक खांदा त्यांना दिला. काळ्या मातीत पाऊल बसलं की उचलायचं मुश्कील. दर शंभर पावलांवर डॉक्टर थांबत, गुडघा धरत, तोंड आवळून पुन्हा निघत. मार्तंडाला वाटलं, ह्या माणसाला पोत्यासारखं पाठीवर घ्यावं. त्याने घेतलंसुद्धा. आयुष्यभर ओझी वाहिलेला गडी. पण निसरड्या बांधावर दोघंही पडले आणि डॉक्टरांचा चष्मा चिखलात गेला. तो शोधण्यात आणखी वेळ गेला. समोरून बैलगाडी येताना दिसली तेव्हा गावचं शिवार संपत आलं होतं, आणि ओल्या रानात गाडीही त्यांच्याइतकीच रडतखडत येत होती.

दारात सुईण बसली होती, द्वारकाबाई. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली पोर होती. द्वारकाबाई डॉक्टरांना पाहून उठली नाही.

"आत्ताच गेली," ती म्हणाली. "हात बघा, आजून ऊन हाये."

डॉक्टर तरीही आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी मार्तंडाकडे पाहिलं नाही. इंजेक्शनची सुई पिशवीतच राहिली होती. ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत राहिले.

मार्तंड आत जाऊन लेकीजवळ बसला. तिचा हात खरंच ऊन होता. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि थंड होईपर्यंत सोडला नाही. मग तो मोठ्याने रडला, बायको गेली तेव्हाही रडला नव्हता तसा.

दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. अंगणात चार माणसं तिरडी बांधायला बसली. बांबू आले, सुतळी आली. बांधणाऱ्यांना घाई होती. आडवे बांबू हलत होते. मार्तंड दारातून पाहत होता. मग तो उठला.

"आवं, तुमी बाप हाय, ऱ्हाऊ द्या," कुणी तरी म्हणालं.

त्याने त्यांना बाजूला सारलं. सगळ्या गाठी सोडल्या आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. सुतळी तिपेडी केली, बांबूला वेढा दिला, पाय लावून ओढली. एकेक गाठ मारून तो ती हाताने हलवून पाहत होता. बोडक्या डोक्याने, चिखलाने भरलेल्या कपड्यांनी तो माणूस इतकं नीट काम करत होता, की बाकीचे नुसते बघत राहिले.

कारभारी शेजारी येऊन उभा राहिला. त्याने तिरडीला हात घातला, उचलून पाहिली. कुठे करकर नव्हती.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ही गाठ सकाळी कुठं गेल्ती?"

मार्तंडाचे हात थांबले.

"आन् नाक्यावर कोन पळत आल्तं मागं? मी बी हाका ऐकल्या व्हत्या."

त्याला खोटं बोलता आलं असतं. दिवसभरात एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा काही जड गेलं नसतं. आत द्वारकाबाईच्या मांडीवर पोर रडायला लागली होती.

"महेमूद व्हता," मार्तंड म्हणाला. "हातात माझा दोर व्हता. पूजेतला. मी पाह्यलं, आन् डॉक्टरला म्हनलं, थांबू नका."

कारभारी त्याच्याकडे पाहत राहिला. तो ओरडेल, अंगावर येईल, असं मार्तंडाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण कारभारीने फक्त मान फिरवली आणि आतल्या बायकांना सांगितलं, की तयारी झाली.

तिरडी उचलली. पुढचा एक खांदा कारभारीचा होता, मागचा मार्तंडाचा. नदीपर्यंत सगळी वाट चिखलाची होती, माणसं घसरत होती, दोनदा तिरडी एका अंगाला कलली. पण गोजर जागची हलली नाही. कुठलीच गाठ सैल झाली नाही.