तरलानची मूठ

तरलान मूठ सोडत नसे. अडीच वर्षांची पोर, पण खेळणं पुढं केलं की दोन्ही हात पाठीमागे जायचे आणि अंगठे आत दुमडून मुठी आवळल्या जायच्या. इराणमधल्या हमदान शहरातल्या बालगृहात ती नऊ महिन्यांची असताना आली. त्याआधी कुठं होती, किती किती वेळ एकटी पडून राहिली, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "हातांना काही झालेलं नाही. तिला कशाला हातच लावावासा वाटत नाही. रोज काहीतरी वेगळं समोर ठेवा. जबरदस्ती मात्र नको."

हे काम तूबानं अंगावर घेतलं. तूबा सत्तेचाळीसची, बिनलग्नाची. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता वय निघून गेलं होतं. आई गेल्यावर भावाच्या घरातली वरची खोली तेवढी उरली आणि ती इथं मुलं सांभाळायला येऊ लागली. इथल्या सगळ्या बायांना मुलं 'खाले' म्हणत, म्हणजे मावशी. 'आई' म्हणू द्यायचं नाही, असा नियमच होता.

इस्फंद, वर्षाचा शेवटचा महिना, लागला होता. अलवंद डोंगरावर अजून बर्फ होतं, पण बाजार नौरोजच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, सामानानं भरला होता. तूबानं घरून तांब्याची मोठी परात आणली, तिच्यात गहू ओतले आणि मुलांना भोवती बसवलं. पोरांनी एकच धुमाकूळ घातला. चार वर्षांच्या कियार्शनं दाणा नाकात सारला. तो काढता काढता तूबाबरोबर काम करणारी सदीका रडकुंडीला आली.

"नौरोज तुझ्या परातीत आणि केर माझ्या नशिबात," ती करवादली. "जरा गालिचे झाडायला ये की!"

"झाडते गं बाई. खेळू दे ना त्यांना."

तरलान भिंतीला पाठ लावून नुसती बघत राहिली.

मग रोज सणाच्या मांडणीतलं नवं काहीतरी. पाण्यानं भरलेल्या वाडग्यात तरंगणारं संत्रं. कांद्याच्या सालींत उकळून तांबूस केलेली अंडी, अजून कोमट. सुंबुलाची फुलं. आंबट सिरक्याची बाटली उघडली की पोरं नाक मुरडून किंचाळायची आणि पुन्हा वास घ्यायला रांग लावायची. तरलान जागची हलत नव्हती. आठव्या दिवशी तूबानं मनगटापर्यंत हात गव्हात पुरला आणि एकाच बोटाचं टोक वर ठेवलं.

"अगं बाई, माझा हात हरवला! कुणी पाहिलाय का?"

कियार्श भलतीकडेच उकरू लागला. तरलान ढुंगणावर सरकत सरकत जवळ आली. ते बोट तिनं बराच वेळ निरखलं. मग उजवी मूठ सुटली आणि तिनं बोट धरून ओढलं. गव्हातून अख्खा हात वर आला तसं तिच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं.

त्यानंतर रोज सकाळी तोच खेळ. नौरोजसाठी ताटल्यांत भिजत घातलेल्या गव्हाला कोंब फुटले तशी तरलान त्यावरून तळवा फिरवू लागली. "गुगुल्या," ती म्हणायची. 'गुदगुल्या' तिला म्हणता यायचं नाही.

"अर्ज का करत नाहीस?" सदीकानं एके दिवशी कपडे वाळत घालताना विचारलं. "एकट्या बाईलाही मुलगी मिळते दत्तक. कायदा आहे."

"एका खोलीत? आणि भावजय काय म्हणेल?"

"भावजयीला कुठं दत्तक घ्यायचंय?"

तूबा हसली. अर्ज तिनं घरी आणला, नावाचा रकाना भरला. वयाच्या रकान्यापाशी हात थांबला. नौरोजची गडबड संपू दे, मग शांतपणे भरू, असं म्हणून तिनं तो कपाटात ठेवला.

नौरोजला पाच दिवस होते, तेव्हा कार्यालयातले परविझी साहेब खाली आले. "तूबा खानम, तरलानचं जमलं. मलायेर गावचं जोडपं आहे, नऊ वर्षं वाट बघतायत. सणाआधी घेऊन जाणार."

तूबाच्या हातात ओले मोजे होते. ते ती पिळतच राहिली.

"साहेब, मीही अर्ज..." ती म्हणाली.

"केलाय?"

"नाही."

परविझी साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग मी काय करू, सांगा," ते हळूच म्हणाले. तसंही मूल नसलेल्या जोडप्यांचा नंबर आधी लागतो, हे त्यांनी नंतर सांगितलं. तूबाला ते ऐकूच आलं नाही.

जोडपं भलं होतं. नवरा सुताराचं काम करायचा. बायको, मेहरअंगीज, इतकी घाबरलेली की तिनं हातमोजेसुद्धा काढले नव्हते. तिला बघताच तरलाननं हात पाठीमागे नेले. दुसऱ्या भेटीतही तेच. मेहरअंगीजच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तिला आवडत नाही, खानम."

तूबाला वाटलं, गप्प बसावं. नाही जमलं तर नाही. क्षणभर तिला असं खरंच वाटलं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली. ती उठून परात घेऊन आली.

"मोजे काढा. हात असा आत घाला. अजून खोल. आता एकच बोट वर ठेवा आणि म्हणा, माझा हात हरवला."

मेहरअंगीजच्या तोंडून आवाज फुटेना. शेवटी कसंबसं म्हणाली. तरलाननं आधी तूबाकडं पाहिलं. तूबानं आपले दोन्ही हात ओढणीखाली लपवले. तरलान सरकत परातीपाशी गेली. अनोळखी बोटाला तिनं एकदा नखानं टोचून पाहिलं, मग धरलं, ओढलं. हात वर आला. हात तूबाचा नव्हता. ती गोंधळली, तरी तिनं बोट सोडलं नाही.

"शाब्बास," तूबा म्हणाली आणि मोरीत जाऊन तिनं नळ मोठा सोडला.

दोन दिवसांनी ती मुलगी गेली. निरोप द्यायला बायांनी दारात यायचं नाही, मुलांना जड जातं, असा नियम. तूबा वरच्या मजल्यावर चादरी बदलत राहिली. खाली मोटारीचं दार लागल्याचा आवाज आला तरी ती खिडकीपाशी गेली नाही.

नौरोजच्या सुट्ट्या संपल्यावर तिनं अर्ज पुरा भरला आणि दिला. "कुठल्या मुलीसाठी?" परविझी साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली. खोली लहान म्हणून उन्हाळ्यात अर्ज नामंजूर होऊन परत आला.

त्याआधी, खुर्दाद महिन्यात, मेहरअंगीजचा कार्यालयात फोन आला होता. परविझी साहेबांनी जेवणाच्या वेळी येऊन तूबाला मुद्दाम सांगितलं. पोर मजेत आहे. सुतारकामाच्या भुशात दिवसभर हात घालून बसते. खूप बोलते आता.

"माझं... इथलं काही विचारते का?"

"नाही," साहेब म्हणाले. "आता कुणाचीच आठवण काढत नाही म्हणे."

"बरं झालं," तूबा म्हणाली. समोर बसलेल्या कियार्शला तिनं घास भरवला. थोड्या वेळानं सदीका ताटं गोळा करायला आली, तेव्हा कुणी काही विचारलं नसतानाही ती पुन्हा म्हणाली, "बरं झालं गं. बरंच झालं."